शेतकऱ्याच्या घरात बोरिवलीचा फ्लॅट कोंबू नका

आज पिकावर नाही, घरावर लिहितोय. राग आला तरी चालेल, पण पूर्ण वाचा.

दसऱ्याला आमच्या शिवारात एका घराची वास्तुशांत जेवलो. घर देखणं. नकाशा कुणाचा विचारलं, तर म्हणाला, "मेहुण्याचा बोरिवलीला फ्लॅट आहे ना, हुबेहूब तसाच. फक्त वर एक मजला चढवला." पंधरा दिवसांनी सोयाबीनचं बियाणं वरच्या खोलीत ठेवायला गडी डोक्यावर पोतं घेऊन निघाला. सहाव्या पायरीवर पोतं स्लॅबला धडकलं, गडी पोत्यासकट मागे. हात मोडला. नशीब, मान वाचली. लोक म्हणाले गड्याचं लक्ष नव्हतं. मी म्हणतो चूक नकाशाची आहे.

टेप लावून मोजलं. जमिनीपासून वरच्या फरशीपर्यंत १० फूट, म्हणजे १२० इंच. पायऱ्या १८, प्रत्येक पावणेसात इंचाच्या आतबाहेर. स्लॅबची जाडी ५ इंच. सहाव्या पायरीवर उभं राहिलं की आपण ४० इंच वर आलो. वर उरले ७५ इंच, सव्वासहा फूट. मोकळा माणूस आरामात जातो, म्हणून वास्तुशांतीला कुणाला कळलं नाही. पोतं घेतलं की कळतं.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ सांगते की जिन्याखालून जायचं तर किमान २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फूट मोकळं हवं. तेच माप जिना चढतानाही धरा. वरच्या हिशोबात पहिल्या चारच पायऱ्या स्लॅबखाली चालतात. पाचवीपासून डोक्यावर स्लॅब नको. पण वरची खोली दोन फूट मोठी मिळावी म्हणून स्लॅबमधली मोकळी जागाच आखडली. आता फोडायची म्हटलं तर लोखंड कापावं लागतं.

मूळ दुखणं वेगळंच आहे. फ्लॅटच्या नकाशात जिना नसतोच! तो इमारतीचा असतो, आणि माणसं लिफ्टने जातात. ज्या नकाशात जिना नाही तो गावात आणायचा, आणि उरलेल्या कोपऱ्यात जिना घुसवायचा. दुसरं काय होणार?

बोरिवलीवाल्याचा दोष नाही. मुंबई उपनगरात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १ आहे. हजार फूट प्लॉटवर हजार फूट बांधकाम, पुढचं पैसे मोजून. तिथे इंच वाचवणं ही गरज आहे. तुमच्याकडे गुंठे पडलेत, तुम्ही इंच कुणासाठी वाचवताय? तिथे खत, फवारणी पंप, चिखलाचे बूट, कडबा यातलं काही घरात येत नाही. तुमच्याकडे येतं, आणि नकाशात जागा नसली की जिन्याखाली जातं. त्या घरात जिन्याखाली कीटकनाशकाच्या बाटल्या अन् शेजारी ज्वारीचं पोतं पाहिलं. कृषी सहायकांनो, शेतीशाळेत औषध कुठे ठेवायचं हे सांगता, तसं घराचा नकाशाही एकदा बघत जा.

उपनगराकडून शिकायचंच असेल तर टॉवरकडून नको, गावठाणाकडून शिका. अंधेरीला गेलात तर मरोळ, आंबोलीची गावठाणं बघा. साष्टीत भात पिकवणाऱ्या ईस्ट इंडियन कुटुंबांची ती गावं. जुनी घरं थोडीच उरलीत, पण त्यांत बऱ्याच ठिकाणी पुढे ओटी आणि वर जायला जिना बाहेरून. बाहेरच्या जिन्याचा फायदा उघड आहे: डोक्यावर स्लॅब नाही, ओझं स्वयंपाकघरातून न्यावं लागत नाही, चिखल बाहेरच राहतो.

कुणी म्हणेल, पावसाचं काय? जिन्यावर पत्रा टाका, पण आठ फूट वर टाका. चोराचं काय? वरच्या तोंडाशी दार बसवा. हे दोन्ही स्लॅब फोडण्यापेक्षा स्वस्त पडतं. जिना आतच हवा असेल तर नकाशा जिन्यापासून सुरू करा, खोल्या नंतर. पायरी १९ सेंमीपेक्षा उंच नको, पाऊल २५ सेंमीपेक्षा कमी नको, हेही संहितेतच आहे. साडेतीन फूट रुंदी ठेवा. उद्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उचलून खाली आणायची वेळ आली तर चौघांना वळता आलं पाहिजे.

आपण सोयाबीन ४५ बाय ५ सेंमीवर पेरतो. ओळ चुकली तर एक हंगाम जातो. जिना चुकला तर दोन पिढ्या डोकं आपटतात, आणि तोच आपण मिस्त्रीच्या अंदाजावर सोडतो.

सेंट्रिंग बांधलं की काँक्रीट ओतण्याआधी स्वतः जा. दोरी लावा, पोतं डोक्यावर घ्या, उभे राहून बघा. मिस्त्री हसला तर हसू द्या.

ज्यांचं बांधकाम चालू आहे त्यांनी पाचव्या पायरीवर किती फूट मिळतात ते खाली लिहा.