नापास झालेल्या संस्थेचे दप्तर

‘राष्ट्रसंघ अपयशी का ठरला? कारणे द्या.’ इतिहास किंवा राज्यशास्त्र घेतलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने हा प्रश्न एकदा तरी सोडवला असेल. उत्तरही तोंडपाठ असते. अमेरिका सभासद झाली नाही. १९३१ साली जपानने मांचुरियात सैन्य घुसवले, १९३५ साली इटलीने ॲबिसिनियावर स्वारी केली. ३० जून १९३६ रोजी सम्राट हैले सेलासी यांनी जिनिव्हात उभे राहून जगाला जाब विचारला, तरी कोणी हलले नाही. झाली कारणे, मिळाले गुण. पुढच्या प्रकरणात संयुक्त राष्ट्रे येतात आणि राष्ट्रसंघाचे पान आपण उलटतो ते कायमचेच.

माझे म्हणणे असे की, राष्ट्रसंघ गेला तरी त्याचे दप्तर शाबूत आहे, आणि त्या दप्तरात डोकावल्याशिवाय ‘अपयश’ हा शब्द इतक्या सहजपणे लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही. प्राध्यापकवर्गाने रागावू नये. हा आक्षेप शिकवण्यावर नसून आपल्या गाईडांवर आहे.

हे दप्तर जिनिव्हात आहे. एप्रिल १९४६ मध्ये राष्ट्रसंघाने आपले विसर्जन केले, तेव्हा त्याची इमारत, ग्रंथालय आणि कागदपत्रे संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात गेली. ही कागदपत्रे एका ओळीत मांडली तर सुमारे तीन किलोमीटर होतील. २००९ साली युनेस्कोने त्यांची नोंद ‘जगाची स्मृती’ या यादीत केली. २०१७ ते २०२२ या काळात जवळजवळ दीड कोटी पानांची छायाचित्रे काढून ती संगणकावर सर्वांना खुली करण्यात आली. म्हणजे आज जिनिव्हाचे तिकीट न काढता, आपल्या तालुक्याच्या गावी बसूनही ती पाने उघडता येतात. मी ती मोबाईलवर उघडली. अक्षर बारीक दिसते, पण दिसते.

मला सर्वांत आवडली ती तिथली बारनिशी. राष्ट्रसंघाकडे आलेल्या पत्राला क्रमांक पडे, विषयाप्रमाणे ते एका धारिकेत जाई, आणि ते कोणी वाचले व त्यावर काय शेरा मारला हेही धारिकेवर लिहिले जाई. हे सारे कुणाला रुक्ष वाटेल. पण ज्यांच्या घरातल्या माणसाने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना वाटणार नाही. माझ्या आजोबांनी जमिनीच्या एका नोंदीसाठी सात वर्षे अर्ज दिले. अक्षरओळख नसल्यामुळे ते दुसऱ्याकडून लिहवून घेत. दर वेळी उत्तर एकच, ‘तुमचा अर्ज आमच्याकडे नाही.’ पोच मागून घ्यायची असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. नकार मिळणे वेगळे, आणि आपण कधी मागितलेच नव्हते असे ठरणे वेगळे.

१९२३ साली डेस्काहे नावाचे कयुगा जमातीचे एक प्रमुख जिनिव्हात आले. कॅनडातील ग्रँड नदीकाठच्या ‘सहा राष्ट्रां’चे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या संघाचे ते प्रतिनिधी. आपल्याच लोकांनी दिलेल्या पारपत्रावर ते प्रवास करीत होते. कॅनडाचे सरकार आमचे स्वराज्य मोडीत काढीत आहे, आम्हांला न्याय द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. आयर्लंड, एस्टोनिया, पनामा आणि पर्शिया या देशांनी त्यांची बाजू पुढे नेण्याचा प्रयत्न केला. ब्रिटनने तो हाणून पाडला. डेस्काहे यांना सभेत बोलू दिले गेले नाही. १९२५ साली ते वारले. पुस्तकी हिशेबाने प्रकरण संपले. परंतु अर्ज धारिकेत राहिला. १९७७ साली अमेरिका खंडांतील मूळ रहिवाशांचे प्रतिनिधी जिनिव्हात जमले, तेव्हा डेस्काहे यांच्या वारसांनी पुन्हा स्वतःच्याच पारपत्रावर प्रवास केला. पुढे २००७ साली संयुक्त राष्ट्रांनी मूळ रहिवाशांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. चौऱ्याऐंशी वर्षे म्हणजे फारच उशीर झाला, हे मान्य. पण ‘आम्ही तेव्हाच सांगितले होते’ असे म्हणायला हाती कागद लागतो.

याहून मन हलवणाऱ्या वह्या सीरियातल्या अलेप्पोच्या आहेत. १९१५ पासून तुर्कस्तानात आर्मेनियन लोकांची जी कत्तल आणि हकालपट्टी झाली, तीत हजारो बायका-मुले परक्या घरांत अडकून पडली. त्यांना सोडवून आणण्यासाठी राष्ट्रसंघाने अलेप्पोत एक आश्रयगृह चालवले. त्याची धुरा कारेन येप्पे या डॅनिश बाईंनी वाहिली. तिथे येणाऱ्याची नोंद वहीत होई. क्रमांक, छायाचित्र, नाव, आईबापांचे नाव, गाव, वय आणि खाली चार-सहा ओळींत हकीकत : बाप कुठे मारला गेला, आई वाटेत कुठे गेली, कुणाच्या घरी किती वर्षे राबावे लागले, तिथून कसे निसटले. अशा दीड हजारांवर नोंदी आहेत. काही मुलांच्या जवळ स्वतःच्या नावाखेरीज काही उरलेले नव्हते, तरी ती मुले कॅमेऱ्याकडे सरळ पाहतात. इटलीला आवर न घालू शकलेल्या संस्थेने हे काम केले. याला कोणत्या रकान्यात गुण द्यायचे?

अर्थात दप्तर म्हणजे देवघर नव्हे. कागद ठेवणाऱ्याचाही एक पक्ष असतो. जे प्रदेश राष्ट्रसंघाच्या नावाने ब्रिटन, फ्रान्स वगैरेंच्या हवाली केले होते, तेथील रहिवाशांना तक्रार करायची झाल्यास १९२३ च्या नियमाप्रमाणे अर्ज त्या राज्यकर्त्या सरकारच्याच हातून पाठवावा लागे. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, तोच टपालवाला! आणि आपला देश? हिंदुस्थान पारतंत्र्यात असूनही राष्ट्रसंघाचा मूळ सभासद होता, हे वाचून मला प्रथम अभिमान वाटला. पण १९२९ साली सर मुहम्मद हबीबुल्ला यांच्याकडे नेतृत्व येईपर्यंत आपल्या शिष्टमंडळाचा प्रमुख कधी हिंदी माणूस नव्हता. तेव्हा त्या धारिकांत ‘इंडिया म्हणते’ असे आले की, बोलणारे कोण हे आधी पाहिले पाहिजे. हे पाहायची सवय गाईडाने लागत नाही, मूळ कागदाने लागते.

भुकेल्या जगात जुन्या कागदांवर पैसा कशाला, असे आमच्या वसतिगृहात एका मित्राने विचारले. प्रश्न खोटा नाही. पण भुकेल्यांचे कागदच आधी गहाळ होतात, हे तोही जाणतो.

खरी अडचण भाषेची आहे. हे दप्तर मुख्यतः इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये आहे. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्याला एक पत्र वाचायला शब्दकोश घेऊन तास-दीड तास लागतो. दार सर्वांना उघडे आहे, पण उंबरा उंच आहे. म्हणून माझी एक सूचना आहे. इतिहास व इंग्रजी विभागांनी मिळून आठवड्यात एक तास कागदवाचनाला द्यावा. चार-पाच विद्यार्थ्यांनी एक पत्र घ्यावे, त्याचा मराठी अनुवाद करावा, आणि तो पुढील वर्षीच्या वार्षिकात छापावा. त्याला परीक्षेत गुण नसले तरी चालेल. पहिला कागद डेस्काहे यांचा अर्ज असावा. माझ्याने त्याची पहिली दोन पाने झाली आहेत. पुढची कायद्याची भाषा मला एकट्याला उलगडत नाही.