आडव्या मारुतीचा कौल

हल्ली संसाराचाही 'प्रकल्प' झाला आहे. दिवाळी हे उद्दिष्ट, चकल्या हा टप्पा! परवा एका घरी नातवाने विचारले, "आजी, गोष्ट किती मिनिटांची?" भिंतीवरच्या तक्त्यात ती बसेना, गोष्ट राहिली. या शहाणपणाशी माझे भांडण आहे.

अमेरिकन आरमाराने १९५८ साली पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' ही पद्धत काढली. क्षेपणास्त्र एक दिवस तयार होते, काम संपते. मूल वाढवण्याचे काम कोणत्या तारखेला संपते हो?

आखणीशी माझे वैर नाही. आमच्या खुलताबादेत ज्याची कबर आहे, त्या मलिक अंबरने खडकीला नहरीने पाणी नेले, ते उतार मोजूनच. पाण्याला उतार मोजून द्यावा. माणसाला मात्र कधी नुसते बसू द्यावे.

कामसूपणाचेच बोलाल, तर सूर्योदयाच्या आत द्रोणागिरी आणणाऱ्या मारुतीहून थोर कोण? आमच्या भद्रा मारुतीच्या देवळात तोच निवांत आडवा झाला आहे. त्याला कुणी आळशी म्हणत नाही. उलट रांगा लावतात!

तेव्हा वाचकहो, फराळाचे सामान खुशाल यादी करून आणा. पण पाहुणा दारात आला, की ती यादी खिशात घाला, आणि आजीची गोष्ट संपेपर्यंत बाहेर काढू नका.