बेअरिंग गेले की टब बदला म्हणणाऱ्यांना

"टबच बदलावा लागेल. नऊ हजार दोनशे, लेबर वेगळं. त्यापेक्षा नवीनच घ्या, एक्स्चेंज चालू आहे." कंपनीचा गणवेश घातलेला माणूस आमच्या नालासोपारा पूर्वेच्या घरात जेमतेम सात मिनिटे होता. मशीन त्याने उघडले नाही. ड्रम हाताने एकदा फिरवला, घरघर ऐकली, व्हिजिटचे पैसे घेतले आणि निघाला. त्याच्यावर आमचा राग नाही. तो स्वतः कंत्राटी, दिवसाला इतक्या व्हिजिट झाल्याच पाहिजेत असा त्याच्या मानेवर तगादा. राग आहे तो त्याला हे वाक्य पाठ करायला लावणाऱ्या व्यवस्थेवर. त्याहून जास्त राग शेजारच्या काकांच्या वाक्यावर आहे, कारण ते आपल्यातलेच आहेत. आम्ही पाने-हातोडी काढली तेव्हा दारात उभे राहून ते म्हणाले, "अरे, एवढं शिकलात ते ग्रीसमध्ये हात घालायला का?"

हा लेख या दोन वाक्यांना उत्तर आहे.

आधी मशीनचे सांगतो. पुढून दार असलेले मशीन, वय सहा वर्षे. स्पिनला लागले की घरातून विरार फास्ट जातेय असा आवाज. प्लग काढला, दार उघडले, ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवली. ड्रम आणि टब एकत्र हलले असते तर हरकत नव्हती, ते स्प्रिंगवर लटकलेलेच असतात. पण इथे टब जागेवर आणि ड्रम आतल्या आत लटपटत होता. म्हणजे बेअरिंग गेले. याला इंजिनिअर लागत नाही.

जाते कशामुळे? ड्रमच्या पाठीला तीन पायांचा अ‍ॅल्युमिनियमचा स्पायडर असतो, त्यातून लोखंडी शॅफ्ट निघतो आणि टबच्या पाठीतल्या दोन बेअरिंगांत फिरतो. पाणी आणि बेअरिंग यांच्यामध्ये असते फक्त एक रबरी ऑइल सील. सीलची कड झिजली की पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते, गोळ्या गंजतात. आता आपल्या वसई-विरारचे पाणी आठवा. सूर्याचे, उसगावचे, पेल्हारचे पाणी ज्यांच्या नळाला नियमित येते त्यांनी स्वतःला नशीबवान समजावे. बाकीच्यांच्या टाकीत टँकरचे नाहीतर बोअरिंगचे जड पाणी. बादलीला पांढरा थर धरणारे तेच पाणी सीलच्या कडेखाली खर धरते आणि रबर कुरतडते. फेस येत नाही म्हणून आपण पावडर दुप्पट टाकतो, ती धड निघत नाही आणि स्पायडरचे अ‍ॅल्युमिनियम खाते. पाण्याचे वाटप जिथे विषम असते तिथे बेअरिंगसुद्धा लवकर जाते. कंपनीच्या माणसाने याबद्दल एक शब्द सांगितला नाही. सांगितला असता तर पुढचे मशीन दोन वर्षे जास्त टिकले असते.

एका रविवारी उघडले. आमच्यात एक मुलगी आयटीआयची फिटर, वालीवच्या एका गाळ्यात कामाला आहे. हुकूम तिचा, आम्ही बाकीचे हमाल. नळ बंद, खालच्या फिल्टरमधून उरलेले पाणी ताटात काढले. प्रत्येक वायर सोडण्याआधी मोबाइलवर फोटो, ही तिची पहिली अट. वरचे झाकण, पावडरचा खण, पुढचा पत्रा, दाराचे रबर, सिमेंटची वजने, हीटरच्या वायरी, शॉकअपच्या पिना, मागचा पट्टा आणि पुली. टब बाहेर काढायला दोघे लागतात. आमच्या टबचे दोन भाग नटबोल्टांनी जोडलेले होते, हे नशीब. शॅफ्टवर थेट हातोडी मारायची नाही. पुलीचा बोल्ट पुन्हा अर्धवट बसवून, वर लाकूड ठेवून ठोकायचे, म्हणजे आटे खराब होत नाहीत. ड्रम निघाला आणि पाठीमागे तपकिरी गंजाचा ओघळ. सात मिनिटांत न दिसलेले ते हेच.

जुने बेअरिंग छिन्नीसारख्या पंचने, समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने ठोकत बाहेर काढले. घाई केली तर तिरके होऊन अडकते. त्याच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. आमच्याकडे ६२०५ आणि ६२०६ होते. हा आकडा नीट वाचा, कारण सगळे राजकारण या आकड्यात आहे. ६२०५ म्हणजे आतून २५ मिलिमीटर, बाहेरून ५२, जाडी १५. ६२०६ म्हणजे ३०, ६२ आणि १६. जगात कुठेही, कोणत्याही कंपनीचे घेतले तरी मापे हीच. पंपात, मोटारीत, गाळ्यांतल्या यंत्रांत हेच बेअरिंग फिरते. म्हणजे जी वस्तू साऱ्या जगाने एका मापात बसवली आहे आणि कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते, ती नऊ हजारांच्या टबच्या पोटात लपवून विकली जाते. दोन बेअरिंग आणि मापाचे सील मिळून आम्हाला अकराशे रुपये लागले. फक्त दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेले घ्यावे, पत्र्याचे झाकण पाण्याला दाद देत नाही.

नवे बसवताना फक्त बाहेरच्या कड्यावर दाब द्यायचा, जुन्याच बेअरिंगचा ठोकणी म्हणून उपयोग करायचा. आतल्या कड्यावर ठोकले तर नवे बेअरिंग बसण्याआधीच मेले. सीलच्या कडेला पाण्याने न धुपणारे ग्रीस. शॅफ्टवर सील जिथे फिरते तिथे खाच पडली असेल किंवा स्पायडरचा पाय तडकला असेल, तर नुसते बेअरिंग बदलून उपयोग नाही, चार महिन्यांत परत तेच. तेव्हा स्पायडर नाहीतर ड्रम बदलावाच लागतो आणि मेकॅनिक तसे म्हणाला तर तो खोटे बोलत नसतो. पण हे उघडल्याशिवाय कळत नाही. आमचा मुद्दा तेवढाच आहे.

आता काकांकडे वळू. काकांचे वडील गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर परळ सुटले आणि कुटुंब इकडे आले. नालासोपारा-विरारमध्ये अशी घरे मोजायला गेलो तर दिवस पुरणार नाही. त्यांच्या मनातली भीती आम्हाला कळते. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या हातात घाण काम कोंबले गेले, त्यांना स्वच्छ हात हीच मुक्ती वाटणे स्वाभाविक आहे. पण काका विसरतात की गिरणीतसुद्धा आपल्याला विणकाम खात्यात शिरू दिले जात नव्हते. धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळ होई. पगार त्याच खात्यात जास्त होता. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. आपल्याला यंत्रापासून कुणी वाचवले नव्हते काका, आपल्याला चांगल्या यंत्रापासून दूर ठेवले होते. जातीने आपल्यावर श्रम लादले आणि कौशल्य नाकारले. या दोन्ही गोष्टी एकच समजून आज आपणच कौशल्याकडे पाठ फिरवणार असू, तर उरलेले काम आपणच पूर्ण करतो आहोत.

बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात व्हाइसरॉयकडे काय मागितले होते? नोकऱ्या, शिष्यवृत्त्या तर होत्याच. शिवाय तांत्रिक शिक्षणाच्या सोयी, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून जागा. छापखाना आणि रेल्वेचा कारखाना! तिथे ग्रीस नसते काय?

आणि १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरील पुस्तकात त्यांनी यंत्रविरोधाची जी चिरफाड केली, ती आपल्या घरातल्या मशीनलाही लागू पडते. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सुटून फुरसत मिळाली पाहिजे, तिच्याशिवाय संस्कृती नाही, आणि ती फुरसत यंत्र देते. यंत्रामुळे जे वाईट घडते तो दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा, मालकीचा आहे, अशी ती मांडणी. आमच्या आईने चाळीस वर्षे मोरीत उकिडवे बसून धुणे धुतले. मशीन बंद पडल्या दिवसापासून चादरी पुन्हा तिच्याच अंगावर आल्या, घरातल्या कुठल्याही पुरुषाच्या नाही. हे आम्ही कबूल करतो. गावाकडे परीट सगळ्यांचे कपडे धूत असे, पण आपल्या वस्तीतले कपडे त्याच्या भट्टीला लागत नसत, आणि तो स्वतःही जन्माने त्या भट्टीला बांधलेला. मशीनला जात कळत नाही. म्हणूनच ते चालू राहणे आमच्यासाठी चैनीचा विषय नाही.

कुणी म्हणेल, सरकार कौशल्याला उत्तेजन देतेच की. देते ना! १७ सप्टेंबर २०२३ ला, विश्वकर्मा जयंतीचा मुहूर्त साधून, पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्यात १८ व्यवसाय. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी आणि धोबी. गुरू-शिष्य परंपरा, कुटुंबात चालत आलेला व्यवसाय, ही तिची भाषा. धोब्याच्या पोराला धोबी म्हणून कर्ज आहे. वॉशिंग मशीनचे बेअरिंग बदलणाऱ्या पोरीचे नाव त्या यादीत नाही. तामिळनाडू सरकारने २०२४ मध्ये ही योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला, जातीचा आधार काढा म्हणाले. महाराष्ट्र फुले-शाहू-आंबेडकरांचा म्हणवतो, इथे कुणाला शंका आली नाही. बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावले होते की जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच उतरंड लावलेली वाटणी आहे. त्या उतरंडीला कर्ज देऊन तिचे नाव कौशल्य ठेवले म्हणून ती बदलत नाही.

मग मागणी काय? युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून नियम आहे की वॉशिंग मशीनचे सुटे भाग, त्यात ड्रम, स्पायडर आणि त्यांचे बेअरिंग आले, दुरुस्ती करणाऱ्यांना किमान १० वर्षे मिळालेच पाहिजेत. तिथेही कंपन्यांनी पळवाट ठेवून घेतलीच: बेअरिंग सुटे द्या नाहीतर ड्रमसकट बांधून द्या, दोन्ही चालते. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, २४ डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू झाले. पोर्टलवर गेलात की तुम्ही पुन्हा कंपनीच्याच दारात. आम्हाला कायदा हवा. टब चिकटवून बंद करायचा नाही, बोल्टांनी जोडायचा. बेअरिंगचा आणि सीलचा आकडा मशीनच्या पुस्तिकेत छापायचा. गल्लीतल्या मेकॅनिकलाही सुटा भाग त्याच दरात. आणि आयटीआयच्या दारात जी आपली मुले-मुली उभी आहेत, त्यांना हे काम कुणाचा मुलगा आहेस हे न विचारता शिकवायचे.

काका संध्याकाळी परत आले, कारण आवाज येत नव्हता. मशीन स्पिनला लागले होते आणि वर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातले पाणी नुसते थरथरत होते. काही बोलले नाहीत. जुने ६२०६ हातात घेऊन फिरवत राहिले, मग विचारले, हे मापाने मिळतं का. मिळतं, म्हणालो.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींचे मशीन उघडायचे आहे. त्यांचा टब चिकटवलेला निघाला. शिवणीवरून हॅकसॉने कापावा लागेल, कापण्याआधीच कडेला बोल्टांची भोके पाडून ठेवायची आणि जोडताना सिलिकॉन भरायचे. ब्लेड तीन-चार घेऊन या, एक पुरत नाही.