मत्स्यविनोद

मासे धरण्याचा विषय या पानांवर पाहून कित्येक घरांतील वडीलधारी मंडळी कपाळास आठ्या घालतील, हे आम्ही जाणून आहो. तथापि हा विषय आम्ही उकरून काढलेला नाही. तो एका पत्राने आमच्याकडे आला आहे. आमच्या एका वृद्ध स्नेह्यांचा नातू अमेरिकेत कोलोरॅडो प्रांतात नोकरीस आहे. दर रविवारी तो डोंगरातील लहानशा ओढ्यावर जातो, काठी व दोरी घेऊन ट्राउट नावाचा मासा धरतो, आणि धरून पुन्हा पाण्यात सोडून देतो. ‘खावयाचा नाही तर धरावयाचा कशाला, आणि आपल्या कुळास हे शोभते काय?’ असा दुहेरी प्रश्न आजोबांनी आम्हांस घातला आहे. मुलेनातवंडे परदेशी असणारी घरे आता थोडीथोडकी नाहीत. म्हणून उत्तर येथेच देतो.

प्रथम हा खेळ समजून घेतला पाहिजे. साधा गळ टाकणारा मनुष्य आमिषाच्या किंवा शिशाच्या वजनाने दोरी दूर फेकतो. येथे मात्र आकड्यास पिसे व रेशीम गुंडाळून कीटकाची प्रतिकृती केलेली असते, व तिला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून वजन दोरीत ठेवलेले असते. लवचीक काठीच्या झोक्याने दोरी पुढे जाते आणि त्या लटक्या माशीस बरोबर नेते. ओढा लहान असला म्हणजे कसोटी अधिक. मासा प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशास उभा असतो आणि वाहत येणारे भक्ष्य टिपतो. त्यामुळे धरणाऱ्याने खालच्या अंगाने, वाकून, आपली सावली पाण्यावर पडू न देता जावयाचे असते. त्या ऋतूत त्या पाण्यावर कोणता कीटक जन्मास येतो, हे ज्यास ठाऊक नाही त्याच्या माशीकडे मासा बहुधा फिरकत नाही. अर्थात हा खेळ निम्म्याहून अधिक निरीक्षणाचा आहे.

हे इंग्रजांचे खूळ, असे कोणी म्हणेल. पण तसे नाही. इंग्रजीत गळाच्या मासेमारीवरील पहिला छापील प्रबंध इ. स. १४९६ चा, व आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा. त्यांच्या कितीतरी आधी, ११२९ च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या इतिहासाच्या अभ्यासकांस तो चांगला परिचित आहे, आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादिला. राजाने करावयाच्या करमणुकींच्या विभागात ‘मत्स्यविनोद’ असे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. समुद्रातील व गोड्या पाण्यातील सुमारे ३५ जातींचे मासे, त्यांची राहण्याची ठिकाणे, कोणास कोणते खाद्य घालावे आणि गळ कसा टाकावा, हे त्यात सांगितले आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर विवेचक लेख लिहिला. तेव्हा ‘आपल्याकडे असले काही नव्हते’ हा आक्षेप टिकत नाही.

शिवाय ज्यांनी अमरकोश पाठ केला आहे, त्यांनी वारिवर्गातील माशांची नावेही पाठ केलीच आहेत. तेथील मद्गुर म्हणजे आजचा मागूर, शृंगी म्हणजे शिंगी, रोहित म्हणजे रोहू. मेघदूतात कालिदासाने गंभीरा नदीस जे कटाक्ष दिले, ते उसळणाऱ्या शफरी माशांचेच होत. आम्ही शाळेत ती उपमा शिकविली. पण शफरी कोणती, ती का उसळते, हे त्या दिवसांत आम्हांस एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही. ते ढिवराच्या मुलास ठाऊक होते, आणि त्याच्याकडून कोणी समजून घेतले नाही.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. ट्राउटला थंड पाणी लागते. पाणी २० अंशांच्या वर तापले की त्यास क्लेश होऊ लागतात. म्हणूनच तो स्कॉटलंडहून १९०० साली काश्मीरात आला व तेथे रुजला, निलगिरीतही रुजला. परंतु आमच्या आसगावी, पवनी तालुक्यात, वैशाखात जमीन भाजून निघते, तेथे तो येणे नाही. येथील धन निराळे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे होते, व मालगुजारी रद्द झाल्यावर, १९५१ पासून, ते सरकारकडे आले. मृगाच्या पावसाने ओढे वाहू लागले म्हणजे तलावांतील आणि वैनगंगेतील मासे अंडी घालण्यासाठी उलट्या पाण्याने वर निघतात, धानाच्या बांध्यांत शिरतात. यासच चढणीचे मासे म्हणतात. त्या आठ-पंधरा दिवसांत ओढ्याच्या तोंडाशी बारीक जाळे लावले की पुढच्या वर्षाची सारी पिढी एका टोपलीत येते.

ही चढण आता रोडावत चालली आहे. तलावांत विकतचे मत्स्यबीज सोडले जाते; गवत खाणारा परदेशी मासा पाणवनस्पती संपवितो, आणि काठावर बेशरम माजते. ज्या वनस्पतींच्या आधाराने गावठी मासे अंडी घालीत, त्याच नाहीशा झाल्या. कोलोरॅडोचीही कथा अशीच आहे, हे त्या नातवास कळावे. तेथील मूळचा ट्राउट निराळा. युरोपातून व पॅसिफिक किनाऱ्याकडून आणलेल्या जातींनी त्यास कित्येक ओढ्यांतून हुसकून लावले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर स्त्रीपुरुषांस बरोबर घेऊन काही तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, व गावठी मासे परतू लागले. कोणती वनस्पती कोणत्या माशास हवी, हे ज्ञान त्या कामात ढिवरांचेच होते.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर. खाण्यासाठी धरणाऱ्या ढिवरापेक्षा करमणुकीसाठी धरून सोडणारा अधिक पुण्यवान, असे आम्ही म्हणणार नाही. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही, आणि त्यास जो त्रास होतो तो उपजीविकेसाठी नव्हे. म्हणून नातवास लिहावे की, आकडा उलट्या दात्यावाचून असावा. हात ओला केल्याशिवाय माशास लावू नये, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत आवरण निघते. आणि पाणी तापले असता काठी घरीच ठेवावी. पण त्यास बंदी करू नये. ज्या तरुणास एका ओढ्यातील दगड, कीटक व मासे ओळखीचे झाले, तो त्या ओढ्यात घाण जाऊ देणार नाही.

कुळास शोभते की नाही, याविषयी मात्र आमचे म्हणणे वडीलधाऱ्यांसच आहे. नागपुरातील कित्येक घरांत मासा कधी शिजला नाही. परंतु त्याच घरांचे, पुरते शुद्ध न झालेले सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत, कन्हानेतून वैनगंगेत, आणि तेथून गोसीखुर्दच्या जलाशयात येते. एका गळाने दिवसाला दहा मासे मरतील. या पाण्याने किती मरतात याचा हिशेब कोण ठेवतो? अहिंसेचे व्रत ताटापुरते पाळून मोरीशी संपत असेल, तर ते अपुरेच म्हटले पाहिजे.

अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासीच्या पौर्णिमांस व इतर काही नेमल्या दिवशी मासे मारण्यास आणि विकण्यास मनाई केली होती. आपलाही चातुर्मास चढणीच्या पाठोपाठच येतो. घरात जे मासे खात नाहीत त्यांस या नियमाने काही सोडावे लागत नाही. म्हणून त्यांनी दुसरे काही धरावे. आषाढात मुलांस ओढ्यावर न्यावे, चढण दाखवावी, ढिवराकडून माशांची नावे विचारून घ्यावी व ती वहीत लिहून ठेवावी. ग्रामपंचायतीत तलावाचा विषय निघेल त्या दिवशी सभेस जावे. परदेशचा नातू सुटीत येईल तेव्हा त्यासही बरोबर न्यावे. त्याला पाण्याकडे पाहण्याची सवय आहेच. त्या पाण्यात काय होते हे सांगणारी माणसे आज गावात आहेत, तोवर ते विचारून घेतलेले बरे.