पडद्यावरचे अंतराळ, आपली हाडे

आम्ही चौघे कॉलेजचे मित्र, सगळे पन्नाशी ओलांडलेले. एक घरी दुर्बिणीचा आरसा घासतो, दुसऱ्याने थ्रीडी प्रिंटर घेतला आहे. सध्या गप्पांचा विषय एकच, ‘द एक्स्पान्स’ ही विज्ञानमालिका.

लघुग्रहांच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसांना त्यात पृथ्वीवर स्वतःचे वजनही पेलवत नाही. कल्पनेला आधार आहे. भार पडला की हाडातील पेशी नवे हाड घडवण्याचा निरोप देतात. भार नसला की झीज वाढते. अवकाशात पुरेसा व्यायाम नसेल, तर खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटू शकते. म्हणूनच अंतराळ स्थानकात रोज सुमारे दोन तास व्यायामासाठी राखलेले असतात.

आणि ही चर्चा आम्ही चार तास सोफ्यावर बसून करत होतो! घरातच घसरून खुबा मोडलेले ज्येष्ठ आमच्या सरकारी रुग्णालयात नेहमी येतात. त्यातले अनेक पुन्हा पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. हाडांची ही झीज अनेक वर्षे आधी, काहीही न दुखता सुरू झालेली असते.

छंद सोडा, असे मी म्हणणार नाही. या वयात मित्र आणि छंद दोन्ही हवेतच. पण एक भाग संपला की उठा. रोज भरभर चाला, जिने चढा, आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम करा. हाडे आधीच ठिसूळ असतील, तर डॉक्टरांना विचारून.

पुढच्या भागाची चर्चा आम्ही टेकडी चढताना करणार आहोत.