पोस्टर मोजायचे की पोस्टर वाचणारा?



मागच्या अंकात आपल्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्याने संघटनेच्या प्रचार विभागावर लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की पोस्टर, पत्रके, बॅनर तयार करणाऱ्या मुलांना रोजचे मोजता येईल असे उद्दिष्ट ठरवून द्यावे, भिंतीवर तक्ता लावावा, आणि महिनाअखेर ज्याचा आकडा भरेल त्याला बक्षीस व ज्याचा भरणार नाही त्याला समज द्यावी. सहकाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. आम्ही दोघांनी एकाच गेटवर घोषणा दिल्या आहेत. पण ही सूचना वाचून मी थक्क झालो, कारण हीच सूचना आपल्याविरुद्ध प्रशासनाने कितीदा आणली, आणि आपण ती कितीदा परतवली, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आधी जागा कोणती ते सांगतो. हा विभाग बेंगळुरूच्या शिवाजीनगरात आहे. पुण्याच्या शिवाजीनगर स्टेशनावर उतरून कोणी शोधू नये! हे शिवाजीनगर म्हणजे जुन्या छावणीतली ब्लॅकपल्ली. कॅन्टोन्मेंट स्टेशन जवळ, एका अंगाला रसेल मार्केट, दुसऱ्या अंगाला कमर्शियल स्ट्रीट. लग्नपत्रिका, बिलबुके, फ्लेक्स छापून देणारे गल्लीत भेटतात, म्हणून आपण तिथे माडीवर एक खोली भाड्याने घेतली. दोन मुलगे आणि एक मुलगी असे तिघे डिझायनर तिथे बसतात. कन्नड, तमिळ, उर्दू, हिंदी त्यांना येते. मराठी तिघांपैकी कोणालाच येत नाही. बेळगाव, खानापूर, लोंढा भागातल्या आपल्या मराठी गँगमन बंधूंसाठीची पोस्टरे मात्र याच खोलीतून निघतात.

सहकाऱ्यांनी लेख लिहिण्याआधीच तिथे प्रयोग सुरू केला होता. माणशी रोज दहा नग. तक्ता लावला, हिरवा खडू आणि लाल खडू आणला. पहिल्या महिन्यात आकडे झकास आले. मीही बैठकीत टाळी वाजवली, हे कबूल करतो.

दुसऱ्या महिन्यात लोंढ्याला द्वारसभा होती. तिचे पोस्टर पाचशे प्रती छापून आले. रातोरात चिकटवलेही. सकाळी एक गँगमन मला हाताला धरून भिंतीपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, ''सेक्रेटरीसाहेब, हे कोणत्या भाषेत आहे?'' 'सर्व कर्मचारी' असे हवे होते तिथे 'सवर् कमर्चारी' असे छापले होते. रफार उडून भलत्याच अक्षरावर बसला होता. 'मार्ग', 'कार्यालय', 'वर्ग', सगळ्यांचीच ती गत. ज्यांना डीटीपीचे काम माहीत आहे ते सांगतील, की मोबाईलवर टाईप केलेला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये नेला की असे होते. मराठी वाचणाऱ्याला ते एका नजरेत दिसते. न वाचणाऱ्याला जन्मात दिसणार नाही.

मी शिवाजीनगरला गेलो. ज्या मुलाने ते केले त्याला विचारले. तो घाबरला नाही, उलट तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाला, ''गिनती तो पूरी हो गई ना साब.'' त्याचे खरे होते. तक्त्यावर त्या दिवशी हिरवे दहा होते आणि त्यातला एक नग म्हणजे हे पोस्टर. दुसऱ्या दिवशी तेच पोस्टर दुरुस्त करायला त्याचे तीन तास गेले, आणि दुरुस्तीला तक्त्यात घर नव्हते. त्यामुळे त्या दिवशी बिचाऱ्याचा आकडा सात, खडू लाल.

चूक कोणाची? मुलाची म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तो मजकूर मी रात्री साडेदहाला पाठवला होता. सकाळी छापायला द्यायचा होता. मराठी जाणणाऱ्या कोणाला तरी फोटो पाठवून विचारायचे तर अर्धा तास जाणार, आणि त्या अर्ध्या तासात त्याचा एक नग बुडणार. आपण त्याला चूक न करण्याबद्दल काहीच देत नव्हतो, दहा करण्याबद्दल देत होतो. त्याने दहा केले.

हातात घड्याळ घेऊन कामगाराच्या डोक्यावर उभे राहण्याचा इतिहास आपल्याला नवा नाही. अमेरिकेत टेलर नावाच्या इंजिनियरने स्टॉपवॉचने काम मोजण्याचे शास्त्र काढले, त्याचे पुस्तक १९११ चे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्र कारखान्यात ओतकामाच्या खात्यात घड्याळवाला माणूस आला आणि ओतारी कामगार काम टाकून बाहेर पडले. प्रकरण अमेरिकन संसदेच्या चौकशीपर्यंत गेले, आणि १९१५ मध्ये लष्करी शस्त्र कारखान्यांत स्टॉपवॉच वापरण्यावर सरकारी पैसा खर्च करण्यास संसदेनेच बंदी घातली. आपल्या मुंबईत १९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर राहिले. दोन मागांऐवजी तीन माग एकाच विणकराने चालवावेत, ही त्या संपामागची एक मोठी ठिणगी होती. मालकांचा शब्द तेव्हाही 'कार्यक्षमता' हाच होता. तीन माग चालवता येतात की नाही, हे माग न चालवणारे ठरवत होते.

आता सहकारी म्हणतील, ''आपल्या कारखान्यांतला इन्सेंटिव्ह विसरलात काय?'' विसरलो नाही. चित्तरंजन पॅटर्न १९५४ पासूनचा आहे आणि माटुंग्यासारख्या कारखान्यांतल्या बांधवांच्या घरात त्याने चार पैसे जास्त आले आहेत. ते मी नाकारत नाही. पण तिथे काय मोजतात ते नीट बघा. एका डब्याची बोगी आणि दुसऱ्या डब्याची बोगी सारखी असते. रेट फिक्सरने कामाचा वेळ ठरवला तर तो जॉब कार्डावर लिहिलेला असतो, चुकीचा वाटला तर युनियन भांडते आणि फेरमोजणी मागते. शिवाय तपासणीत नापास झालेली बोगी कोणी झालेले काम म्हणून धरत नाही. आपल्या शिवाजीनगरच्या तक्त्यावर यातले काय आहे? चार ओळींची शोकसूचना एक नग, आणि आठव्या वेतन आयोगाच्या मागण्यांचे आठ पानी पत्रकही एक नगच! मग शहाणा माणूस काय करील? शोकसूचना आधी उचलील.

रेल्वेवाल्यांनी तरी ही चूक करू नये, कारण नकाशा आणि फलक यांची जगातली एक नामांकित गोष्ट आपल्याच धंद्यातली आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत हॅरी बेक नावाचा एक ड्राफ्ट्समन सिग्नल कचेरीत काम करीत असे. तोही कपातीत घरी बसवलेला. १९३१ मध्ये त्याने मोकळ्या वेळात रेल्वेचा नकाशा नव्याने काढला. खरे अंतर सोडून दिले, विजेच्या सर्किटसारख्या सरळ, आडव्या आणि ४५ अंशांच्या रेषा मारल्या. प्रवाशाला अंतर नको असते, कुठे गाडी बदलायची ते हवे असते, एवढे त्याने ओळखले. साहेबांनी प्रथम तो नकाशा नाकारला. जानेवारी १९३३ मध्ये भीतभीत लाखो प्रती छापल्या, त्या लोकांनी हातोहात नेल्या, आणि महिन्याभरात पुन्हा छापाव्या लागल्या. पुढे जगभरच्या शहरी रेल्वेंनी तीच रीत उचलली. आता हा बेक आपल्या माडीवर बसला असता तर? दोन वर्षांत एक नग. सहकाऱ्यांनी त्याला समज दिली असती.

लंडनला तरी कशाला जायचे! १६ एप्रिल २००२ रोजी आपल्या रेल्वेला दीडशेवे वर्ष लागले, त्या दिवशी बेंगळुरू सिटी स्टेशनाच्या एक नंबर फलाटावर भोलू हत्तीचे अनावरण झाले आणि त्याने कर्नाटक एक्सप्रेसला हिरवा दिवा दाखवला. शिवाजीनगरहून हे स्टेशन काही फार लांब नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेकडून करून घेतलेला तो हत्ती पुढच्या वर्षी रेल्वेने कायमचाच ठेवून घेतला. गार्डाचे नाव २०२२ मध्ये ट्रेन मॅनेजर झाले, भोलू मात्र अजून दिवा घेऊन गार्डच आहे. लहान पोरालाही तो रेल्वेचा म्हणून ओळखता येतो. त्या हत्तीचा हिशेब रोजच्या दहा नगांत कसा बसवायचा ते सहकाऱ्यांनी सांगावे.

याच रेल्वेने २०२३ मध्ये भायखळा, हावडा, शकूरबस्ती, रोयापुरम आणि सिकंदराबाद येथील आपले छापखाने बंद करण्यास मंजुरी दिली. छपाई बाहेरून करून घ्यायची, दर नगाला इतके पैसे. भायखळ्याच्या बांधवांच्या बाजूने आपण निवेदने दिली तेव्हा आपला मुद्दा कोणता होता? हाच, की बाहेरचा ठेकेदार नग मोजून देईल, पण चूक सापडली तर मशीन थांबवणारा कंपोझिटर आणि प्रूफवाचक त्याच्याकडे नसेल. तोच ठेकेदारी हिशेब आपण आपल्या पोरांना लावायचा? प्रशासनाने उद्या हा आपला तक्ता आपल्याच तोंडावर फेकला तर सहकारी काय उत्तर देणार आहेत?

पोस्टातल्या बांधवांना तर मी काही सांगायलाच नको. १८८४ पासून चालत आलेला टपाल जीवन विमा असो, १९९५ चा ग्रामीण विमा असो, की १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेली पेमेंट्स बँक असो, योजना चांगल्याच आहेत. पण 'अमुक तारखेला इतकी खाती' असा फतवा आला की काय होते? ग्रामीण डाक सेवक मेहुण्याचे, शेजाऱ्याचे, दूधवाल्याचे खाते काढतो, वेळप्रसंगी स्वतःच्या खिशातले पैसे घालतो. मेळाव्याचा फोटो निघतो, आकडा वर जातो, आणि पुढे त्या खात्यात दमडी हलत नाही. त्या खेड्यातल्या म्हातारीला पेन्शन घरपोच मिळाली का, हे कोणत्याच तक्त्यात नसते. ज्याने हे सोसले आहे त्याने दुसऱ्याला हेच द्यावे, याला काय म्हणावे?

म्हणून मोजूच नये काय? तसे मी म्हणत नाही. वर्गणीच्या पैशावर हा विभाग चालतो आणि गँगमनच्या खिशातल्या रुपयाचा हिशेब द्यावाच लागेल. 'कला आहे, मोजता येत नाही' असे म्हणून हात वर करणारेही मला पटत नाहीत. आपले पोस्टर भिंतीवर टांगायची तसबीर नव्हे. ते एका कामासाठी असते. ते काम झाले का, एवढे मात्र मोजता येते, आणि अगदी सोप्या रीतीने येते.

लोंढ्याच्या फजितीनंतर मी एक केले. नव्या पोस्टरचा एकच कागद छापून घेतला, गँगमध्ये गेलो आणि पाच जणांना तो एकेकट्याला दाखवला. पाच हात लांब धरायचा, मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे, मग कागद मागे घ्यायचा. विचारायचे तीनच प्रश्न: सभा कधी, कुठे, आणि कशासाठी? पहिल्या खेपेला पाचांपैकी दोघांनाच तारीख सांगता आली. कारण आमच्या पुढाऱ्यांची नावे आणि फोटो तारखेपेक्षा मोठे होते. (त्यात माझाही फोटो होता.) मुलीने फोटो काढून टाकले, तारीख वितीएवढी केली. दुसऱ्या खेपेला पाचही जणांनी तिन्ही उत्तरे दिली. याला मी उद्दिष्ट म्हणतो. पाचांपैकी चौघांना कळल्याशिवाय छापायला द्यायचे नाही. पोस्टातल्या मजकुरासाठी पाच पोस्टमन, महिलांच्या प्रश्नासाठी पाच भगिनी. आकडाच हवा ना? हा घ्या आकडा.

याच्या जोडीला दुसरा आकडा वेळेचा, पण तो दोन्हीकडून मोजायचा. पोस्टर सभेच्या चार दिवस आधी शाखेत पोचले का, हे जसे मुलांना विचारायचे तसे मजकूर त्याच्या तीन दिवस आधी शिवाजीनगरला पोचला का, हे आम्हा सेक्रेटरींना विचारायचे. माझ्यासारख्याने रात्री साडेदहाला पाठवला तर लाल खडू माझ्या नावापुढे. छापल्यावर निघालेल्या चुका मोजायच्या, आणि प्रत्येक चुकीपुढे ती मजकुरात होती की मांडणीत हे लिहायचे. दुरुस्ती हे काम धरायचे. मराठी मजकूर छापण्यापूर्वी बेळगावच्या एका माणसाने वाचून सही करायची, आणि तो अर्धा तास कामाच्या वेळेत धरायचा. हिशेब तिघांचा मिळून एक ठेवायचा. एकाचा खडू हिरवा आणि दुसऱ्याचा लाल असे झाले की उर्दू येणारा मुलगा कन्नड येणाऱ्या मुलीला मदत करीनासा होतो. हे मी त्या दोन महिन्यांत डोळ्यांनी पाहिले.

आणि हे सगळे ठरवताना त्या तिघांना खोलीत बसवायचे. न्यायमूर्ती राजाध्यक्षांनी १९४६ मध्ये टपाल-तार खात्याच्या कामगारांचे आणि पुढच्या वर्षी रेल्वे कामगारांचे निवाडे दिले, तेव्हा कामगारांची बाजूही त्यांच्यापुढे मांडली गेली होती. आपल्याच माडीवर बसणाऱ्या तीन मुलांना मात्र आजपर्यंत कोणी एका शब्दाने विचारलेले नाही. मुलगी मला म्हणाली, की मजकूर एकत्र आला तर एकच साचा करून पाच भाषांत उतरवता येईल, म्हणजे निम्मा वेळ वाचेल. ही गोष्ट दहा नगांच्या तक्त्यातून कधीही बाहेर आली नसती, कारण त्या तक्त्यात एक साचा म्हणजे एकच नग.

पुढच्या कार्यकारिणीत सहकाऱ्यांची सूचना ठरावाच्या रूपाने येणार आहे. मी तिला दुरुस्ती सुचवली आहे आणि ती वर लिहिली तशीच आहे. शाखांनी आपापले मत बैठकीपूर्वी लेखी कळवावे. शिवाजीनगरच्या भिंतीवरचा तक्ता मी तोपर्यंत उतरवून ठेवायला सांगितला आहे, आणि त्या खिळ्याला लोंढ्याचे ते 'सवर् कमर्चारी' पोस्टर अडकवले आहे.