थकबाकी फिटेपर्यंत किराणा रोखीने

दर महिन्याचं क्रेडिट कार्डाचं बिल जे पूर्ण भरतात, त्यांच्यासाठी हे लिहिलेलं नाही. पगार एक तारखेला येतो. घराचा हप्ता, मुलांची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे असं करता करता दहा तारखेपर्यंत तो संपतो, आणि मग कार्डाच्या बिलातलं फक्त ‘मिनिमम’ भरून महिना पुढे ढकलावा लागतो. असं ज्यांच्या घरी चाललं आहे, त्यांच्याशी मला बोलायचं आहे. अशी घरं चाळीत आहेत आणि टॉवरमध्येही आहेत. बहुतेक ठिकाणी उधळपट्टी झालेली नसते. कुणाकडे दवाखान्याचं बिल आलं, कुणाची नोकरी दोन-तीन महिने गेली, कुणाच्या बहिणीचं लग्न निघालं. तेव्हा हाताशी कार्ड होतं म्हणून वेळ निभावली. वेळ निघून गेली, थकबाकी राहिली.

माझं सांगणं एकच आहे. मागची थकबाकी शून्यावर येईपर्यंत रोजचा खर्च कार्डावर करू नका. किराणा नाही, भाजी नाही, पेट्रोल नाही, मोबाइलचा रिचार्जही नाही. कर्ज थोडं थोडं फेडायचं आणि घरखर्च कार्डावरच चालू ठेवायचा, ही वाट सोयीची वाटते, पण त्या वाटेने कर्ज फिटत नाही.

कार्ड घेताना आपल्याला सांगितलेलं असतं की पंचेचाळीस-पन्नास दिवस पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात. ते खरं आहे, पण मागचं बिल वेळेत पूर्ण भरणाऱ्यापुरतंच. मागचं काही थकलं की ही सवलत जाते, आणि आज घेतलेल्या तेलाच्या पिशवीवर, साखरेवर, साबणावर घेतल्या दिवसापासून व्याज चालू होतं. महिन्याचं साडेचार हजारांचं सामान कार्डावर आणलं आणि त्यावर ४५ रुपये कॅशबॅक मिळाला, तर आनंद होतो. पण थकबाकी असलेल्या कार्डावर त्याच सामानाचं महिन्याभराचं व्याज, जीएसटी धरून, १८५ रुपयांच्या आसपास जातं. बिलात ते ‘फायनान्स चार्जेस’ या एकाच ओळीत सगळ्या व्याजासोबत मिसळून येतं, त्यामुळे डाळ-तांदूळ महाग पडले हे कळतच नाही. रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागल्यापासून तर दहा रुपयांची कोथिंबीरही क्यूआर कोडवरून कार्डावर जाते. खिशातून पैसे गेल्याची जाणीव होत नाही आणि आकडा मात्र चढत राहतो.

आता ‘मिनिमम’चं पाहू. बिल हातात घ्या. वर दोन आकडे असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम बँकेगणिक वेगळी असते, पण अनेक ठिकाणी ती एकूण रकमेच्या ५ टक्क्यांच्या आसपास येते. व्याज साधारण महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. समजा बिल ८०,००० रुपयांचं आहे. तुम्ही ४,००० भरले, ७६,००० राहिले. त्यावर महिन्याचं व्याज २,६६० आणि जीएसटी ४७९. पुढचं बिल येतं ७९,१३९ रुपयांचं. चार हजार भरूनही कर्ज उतरलं ८६१ रुपयांनी. असंच वर्षभर चाललं, आणि कार्डावर नवीन एक रुपयाही खर्च केला नाही, तर वर्षात ४५,००० रुपयांहून जास्त भरून झालेले असतात आणि शिल्लक सत्तर हजारांच्या वरच असते. त्यात किराणा-पेट्रोल कार्डावर चालू असेल, तर ती शिल्लक खाली येण्याऐवजी वर जाते. किमान रक्कम भरल्याने खातं थकीत धरलं जात नाही आणि उशिराचा दंड लागत नाही, एवढाच तिचा उपयोग आहे.

त्याच ८०,००० साठी दरमहा ८,००० ठरवून भरले आणि कार्ड बंद ठेवलं, तर तेराव्या हप्त्याला कर्ज संपतं आणि एकूण साधारण लाखभर रुपये जातात. वीस हजार व्याजात गेले याचं वाईट वाटेल. पण कर्ज संपलेलं असेल.

हे व्याज कमी होईल अशी वाट पाहू नका. ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ठरवलं होतं. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. दर बँकाच ठरवतात.

आठ हजार आणायचे कुठून, हा प्रश्न रास्त आहे. घरखर्च रोखीने करायला लागल्यावर पहिले दोन महिने फार जड जातात, हे आधीच मनाशी धरून चाला. आजवर पगार जुन्या बिलात जात होता आणि चालू महिना कार्डावर निघत होता. आता दोन्ही भार एकाच पगारावर येतात. म्हणून पहिले दोन महिने कार्डाला थोडं कमी द्या, पण किमान रकमेपेक्षा जास्तच, आणि घर रोखीवर आणा. मग हप्ता वाढवा. पगार झाला की घरखर्चाचे पैसे वेगळ्या बचत खात्यात टाका आणि यूपीआयला तेवढंच खातं जोडलेलं ठेवा. किंवा सरळ नोटा काढून पाकिटात घाला. वाण्याची यादी, दूध, भाजी, गॅस, रिक्षा-पेट्रोल, कामवाल्या मावशींचा पगार, अशी पाच-सहा पाकिटं पुरतात. मावशींच्या पगारात काटछाट करू नका, त्यांचंही घर त्यावर चालतं. खरेदीच्या अ‍ॅपमधून, ओटीटीवरून, यूपीआयमधून कार्ड काढून टाका. ऑटो डेबिट ‘मिनिमम’वर लावलेलं असेल तर तेही तपासा, ते आपोआप जात राहतं आणि आपण बिल उघडतच नाही.

तारखेबद्दल एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. थकबाकी असताना व्याज रोजच्या शिल्लकीवर धरलं जातं. देय तारीख १८ असली म्हणून १८ पर्यंत थांबायचं कारण नाही. पगार झाला त्याच दिवशी भरा. महिन्यात मध्येच ओव्हरटाइमचे किंवा शिकवणीचे हजार-दोन हजार आले तर त्याच दिवशी पुन्हा भरा. महिन्यातून कितीही वेळा भरता येतं.

दिवाळीचा बोनस, भिशीचा नंबर, फरकाची रक्कम असे पैसे आले की त्यांना शंभर वाटा दिसतात. या वर्षी ते सगळे कार्डाला जाऊ द्या. फराळ करा, मुलांना कपडे घ्या, पण मोठा टीव्ही पुढच्या वर्षी. बँकेत ६-७ टक्क्यांची मुदत ठेव ठेवून ४२ टक्क्यांचं कर्ज वागवण्यात काहीच हशील नाही, ती मोडा. एसआयपी चालू असेल तर काही महिने थांबवा. आरोग्य विम्याचा हप्ता मात्र कधीही चुकवू नका. आणि दहा-पंधरा हजार बाजूला राहू द्या, नाहीतर मुलाला ताप आला की पुन्हा कार्डच बाहेर निघेल.

रक्कम पगाराच्या मानाने फार मोठी असेल, तर महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. नोकरीच्या ठिकाणी पगारदारांची सहकारी पतसंस्था असेल तर आधी तिथे विचारा. व्याज कार्डाच्या तुलनेत कितीतरी कमी असतं आणि हप्ता पगारातून कापला जातो, त्यामुळे मोह होत नाही. आयुर्विम्याच्या जुन्या पॉलिसीवर कर्ज मिळतं. सोनं तारण ठेवूनही मिळतं. दागिना गहाण टाकायचा म्हटलं की आपल्याकडे घराची अब्रू गेल्यासारखं वाटतं. तो संकोच मला समजतो, पण हिशेब पाहा: ८०,००० रुपयांची शिल्लक कार्डावर वर्षभर तशीच राहिली तर व्याज आणि जीएसटी मिळून ३९ हजारांच्या वर जातात. बँकेच्या सोनेतारण कर्जावर, दर ११ टक्के धरला तर, ८,८०० जातात. दागिना घरातल्या बाईचा असेल तर निर्णय तिचा. तिने नाही म्हटलं तर विषय तिथेच संपला.

थकबाकीचे हप्ते करून देतो असं कार्डाची बँकही सांगते. दर कमी असेल तर घ्यावं, पण प्रक्रिया शुल्क किती, त्यावर जीएसटी किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे लेखी घ्या. आणि हप्ते करून मर्यादा मोकळी झाली म्हणून ती पुन्हा वापरायला काढू नका. बरीच माणसं इथेच दुसऱ्यांदा अडकतात. एका कार्डावरून रोख काढून दुसरं भरू नका, रोख काढण्यावर शुल्क लागतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अनोळखी अ‍ॅपच्या वाटेला तर जाऊच नका.

दोन-तीन कार्डं असतील तर कुठलं आधी फेडायचं? व्याजदर जवळपास सारखे असतील तर सगळ्यात लहान शिल्लक आधी संपवा, बाकीच्यांवर किमान रक्कम चालू ठेवा, आणि एक संपलं की त्याचा सगळा हप्ता दुसऱ्याकडे वळवा. दरात मोठा फरक असेल तर महागडं आधी.

हे सगळं घरी सांगितल्याशिवाय जमत नाही. अनेक घरांत नवऱ्याच्या कार्डावर किती थकलं आहे हे बायकोला माहीत नसतं, कधी बायकोच्या कार्डाचं नवऱ्याला. एक जण पाकिटं करतो आणि दुसरा कार्डावर चादरी मागवतो. कॉलेजात गेलेल्या मुलांनाही आकडा सांगा. मुलं समजून घेतात, आपणच त्यांना लहान धरतो.

हप्ते आधीच चुकले असतील आणि वसुलीचे फोन येत असतील, तर काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांत किंवा ऑफिसात बदनामी यांना परवानगी नाही. पैसे नाहीत म्हणून बिल थकलं, एवढ्यावर तुरुंग होत नाही, तो दिवाणी मामला आहे. फोन टाळू नका, बँकेला ईमेलने आपली अडचण आणि दरमहा किती देऊ शकता ते कळवा. त्रास थांबला नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते; माहितीसाठी १४४४८ या क्रमांकावर फोन करा. बँक ‘सेटलमेंट’ देऊ करत असेल तर कमी पैशांत सुटका होते खरी, पण सिबिल अहवालात खातं ‘सेटल्ड’ म्हणून दिसत राहतं आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना ते आडवं येतं. पूर्ण फेडणं शक्य असेल तोवर तो मार्ग धरू नये. ज्यांना रात्रीची झोप लागत नाही, नको ते विचार मनात येतात, त्यांनी १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर बोलावं. ही सरकारी सेवा मोफत आहे, मराठीतही आहे. या कर्जातून माणसं बाहेर पडली आहेत, तुम्हीही पडाल.

शेवटचा हप्ता भरला की महिनाभराने पुढचं बिलही तपासा, कारण मधल्या दिवसांचं थोडं व्याज त्यात येतं. तेही भरा. मग घरात एकच कार्ड ठेवा आणि बाकीची बंद करायला बँकेला लेखी कळवा. काही देणं बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केलंच पाहिजे. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात.